अंगठा क्रमांक सतरा

सकाळी आठ वाजता चार नंबरच्या खाटेवरच्या पडद्यावर ७४ हा आकडा उमटला, आणि इथे पाणी कुठेतरी मुरतंय असं तृप्ती गुरवला पहिल्यांदा वाटलं.

कर्लीतीर रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ती बावीस वर्षं सिस्टर होती, त्यातली शेवटची नऊ मुख्य सिस्टर. आकड्यांना ती सहसा घाबरत नसे. पण चार नंबरच्या खाटेवर तिचा धाकटा भाऊ होता. दत्तप्रसाद, वय एकेचाळीस. पंचक्रोशीतले सौरपंप दुरुस्त करायचा आणि वडिलांमागे गावच्या देवळाचं गुरवपण सांभाळायचा. काल सकाळी पंपाच्या टाकीवर चढलेला असताना त्याच्या पोटात अशी कळ आली, की त्याला दोघांनी धरून खाली उतरवावं लागलं.

दुखणं स्वादुपिंडाचं निघालं. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे दडलेला वीतभर लांबीचा अवयव. अन्न पचवणारे रस तो तयार करतो आणि आतड्यात सोडतो. पित्ताशयातला एखादा खडा घसरून वाटेत अडकला, की रस बाहेर पडत नाहीत आणि जे काम अन्नावर करायचं ते स्वादुपिंडावरच करू लागतात. अवयव स्वतःलाच पचवायला लागतो. पाचातले चार रुग्ण आठवड्याभरात बरे होऊन घरी जातात. पाचव्याच्या बाबतीत मात्र ती आग रक्तातून सगळीकडे पसरते. फुप्फुसं, मूत्रपिंडं एकामागून एक काम टाकून बसतात. आणि पाचवा कोण, हे पहिल्या दिवशी ओळखता येत नाही. पूर्वीचे डॉक्टर लक्षणांना गुण देत दोन दोन दिवस थांबायचे. तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असायचा.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीने यंत्र आणलं. त्याचं नाव ‘कौल’. कोकणातल्या चौदा रुग्णालयांच्या अकरा वर्षांच्या नोंदी त्याला शिकवलेल्या होत्या. कौल दोन दिवस थांबत नसे. रुग्ण खाटेवर आला, की सहा तासांनी त्याचा आकडा सुरू होई आणि दर पाच मिनिटांनी बदले: हा माणूस तीस दिवसांत दगावण्याची शक्यता शंभरात किती. नाव ठेवणाऱ्याला देवाचा कौल ठाऊक असावा. गावकरी गाऱ्हाणं घेऊन येतो, गुरव फुलांच्या ओल्या कळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवतो, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तृप्ती त्या कळ्या बघतच मोठी झाली होती.

कौल आला तसा सत्तरचा नियमही आला. जिल्ह्यातून रोज एकच रुग्ण गाडीने घाटावरच्या मोठ्या केंद्रात जाऊ शके. अखंड रक्तशुद्धी करणारं यंत्र तिथे होतं, स्वादुपिंडाचं खास पथक तिथे होतं. कुणाला न्यायचं हे दुपारी चारला समिती ठरवी. कौल सत्तरच्या वर असेल तर नाव यादीतूनच गळे. जो जाणारच आहे त्याच्यावर जागा कशाला घालवायची, असा त्यामागचा हिशेब. आज जिल्ह्यातून दोनच नावं होती: चार नंबर आणि पाच नंबर.

बाहेरच्या बाकावर दत्ताची बायको विनया बसली होती. तृप्ती दिसताच ती उठली.

“ताई, माका खरां सांग. तेंका काय होतला नाय ना?”

“घाबरा नको. मी आसय मगे.”

“सगळे इचारतत, दारू पित होते काय म्हणान. काल तो डॉक्टर पण तीनदा इचारी होतो. थेंब तोंडात घेवक नाय कधी तेणी!”

हे तृप्तीलाही लागलं होतं. स्वादुपिंड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बाटलीच येते. दत्ताचा खडा पित्ताचा होता, सोनोग्राफीत लख्ख दिसत होता, तरी डॉ. आर्चिस सामंतांनी तीनदा विचारलं. का विचारलं? तृप्ती आत आली आणि तिने जे करायचं नसतं ते केलं. पाच नंबरचे कागद काढून ते चार नंबरच्या कागदांशेजारी ठेवले.

पाच नंबरला होते पेडणेकर, माजी सभापतींचे मेहुणे. दुखणं तेच, दिवस तोच. मूत्रपिंडं थकल्याची खूण असलेलं क्रिएटिनिन त्यांचं दत्तापेक्षा जास्त. ऑक्सिजन त्यांना जास्त लागत होता. लघवी त्यांची कमी होती. आणि कौल? अठ्ठेचाळीस.

मनात शंकेची पाल चुकचुकली. सकाळी सात वाजता डॉ. सामंत कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होते. “हो साहेब. बघतो. होईल तेवढं करतो,” एवढं तिने जाता जाता ऐकलं होतं. तेव्हा तिने ते कानाआड केलं होतं.

ती सरळ त्यांच्या खोलीत गेली. सामंत छत्तीस वर्षांचे, हुशार, कमी बोलणारे. सिस्टरांना ते नावाने हाक मारत नसत, म्हणून सिस्टरांनी त्यांना कधी आपलं मानलं नव्हतं.

“डॉक्टर, पाच नंबरचं रक्त माझ्या भावापेक्षा वाईट आहे. मग चौऱ्याहत्तर आम्हाला आणि अठ्ठेचाळीस त्यांना कसा?”

“सिस्टर, कौल दोनशे चाळीस गोष्टी बघतो. आपण चार बघतो.”

“त्या दोनशे चाळिसात सभापतींचा फोन पण धरतात का?”

सामंतांचे कान लाल झाले. ते रागाने की चोराच्या मनात चांदणं म्हणून, हे तिला ठरवता आलं नाही.

“फोन आला होता,” ते म्हणाले. “मी सगळ्यांना ‘बघतो’च म्हणतो. तुम्हालाही कालपासून म्हणतोय. आणि एक सांगतो. नात्यातल्या पेशंटवर ड्यूटी करू नये असं मी काल म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत.”

ऐकलं नव्हतं हे खरं. कालपासून ती घरीच गेली नव्हती. विभागात तिच्याइतका हात असलेलं दुसरं कोण होतं? ब्लेसी डिसोजा चांगली होती, पण तिला इथे येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

साडेदहाला तृप्तीने पुण्याला कंपनीत फोन लावला. कौलाबद्दल शंका असेल तर कोणत्याही रुग्णालयाला जाब विचारता येई. आजवर कुणी विचारला नव्हता. पलीकडे ऋजुता केळकर नावाची अभियंता मुलगी आली. आवाजावरून पंचवीस-सव्वीसची.

“मॅडम, कौलात बाहेरून कुणाला हात घालता येत नाही. डॉक्टरांना नाही, आम्हालासुद्धा नाही.”

“असं सगळेच म्हणतात. मला कारण दाखवा. चार नंबरचा आकडा कशामुळे चढला?”

“वेळ लागेल.”

“चार वाजेपर्यंत आहे माझ्याकडे वेळ.”

तेवढ्या वेळात ती दोनदा दत्ताकडे जाऊन आली. त्याला गुंगीचं औषध होतं. कपाळावर घाम होता, तो पुसला. उशी वर ओढली. दोन्ही वेळा सवयीने खाटेच्या कडेच्या काचेवर अंगठा टेकवला. बारा वर्षांपूर्वी सरकारने नियम काढला होता: अंगठ्याशिवाय फेरी नाही. सिस्टर जागेवर नसतात, खोट्या वेळा लिहितात, अशा तक्रारी होत्या म्हणून. बहुतेक सिस्टर तपासणी केली तरच अंगठा लावत. तृप्तीचं तसं नव्हतं. गुरवाची पोर, देवापुढे खोटं बोलायचं नाही आणि कागदावर तर मुळीच नाही, हे तिच्या हाडात होतं. चादर सारखी केली तरी तिचा अंगठा, डास हाकलला तरी अंगठा. मुली मागून हसायच्या. तिचा अंगठा यंत्रात सतरा क्रमांकाने नोंदलेला होता.

साडेअकराला फोन आला. ऋजुताचा आवाज बदलला होता.

“मॅडम, तुमच्या भावाचं रक्त आकडा वर नेत नाहीये. फेऱ्या नेताहेत.”

“कसल्या फेऱ्या?”

“नर्सच्या. पाच नंबरच्या खाटेवर चोवीस तासांत सत्तावीस अंगठे आहेत. चार नंबरवर एकशे एकोणीस. त्यातले अठ्ठ्याऐंशी एकाच अंगठ्याचे. सतरा नंबर कोण?”

 तृप्ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

“आम्ही कौलाला हे शिकवलं नव्हतं,” ऋजुता भराभर सांगू लागली. “नोंदी दिल्या आणि शेवटी कोण वाचलं, कोण गेलं ते दिलं. मधली वाट त्याने शोधली. त्याच्या लक्षात आलं, की अनुभवी सिस्टर ज्या खाटेकडे पुन्हा पुन्हा जाते तो रुग्ण बहुधा वाचत नाही. आणि हे खोटं नाहीये, मॅडम. रक्तात दिसायच्या आधी तुम्हाला दिसतं. माणसाचा रंग, श्वास, काय ते मला माहीत नाही. चौदा रुग्णालयांत तीनशे अंगठे आहेत. सगळ्यात जास्त वजन सतरा नंबरला आहे.”

“म्हणजे मी काळजी घेतली की माणूस मरतो, असं म्हणतं का तुमचं यंत्र?”

“तुम्ही काळजी घेता तेव्हा तो मरणार असतो, असं म्हणतं.”

फोन ठेवल्यावर तृप्ती औषधांच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसली. बावीस वर्षांतली माणसं डोळ्यांसमोर येऊ लागली. ज्यांच्या उशाशी ती तासात तीनदा गेली होती ती. तिला वाटत आलं होतं, की शेवटी निदान आपण जवळ होतो. आणि ही एवढीशी मुलगी सांगत होती, की तिचं जवळ जाणं हीच त्यांची खूण होती. तिला रडू आलं आणि रागही आला. दोन्हींतलं आधी काय आवरावं ते कळेना.

मग वडील आठवले. ती आठ-नऊ वर्षांची असताना आईला मोठं दुखणं आलं होतं. गाव म्हणालं, कौल लावा. वडिलांनी कळ्या भिजवल्या, पण पाषाणाला हात लावला नाही. शेजारच्या गावच्या गुरवाला बोलावून घेतलं. तिने विचारलं तेव्हा म्हणाले, “घरच्या माणसाचो कौल आपण लावचो नाय, बाय. हात थरथरता. थरथरत्या हातान लावलेली कळी लवकर पडता, आणि माणूस म्हणता देवान पाडली.”

एवढी साधी गोष्ट तिला ठाऊक होती, आणि चोवीस तास ती घरच्याचाच कौल लावत बसली होती. अठ्ठ्याऐंशी वेळा.

सामंतांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही.

“समजा हे खरं आहे. समितीला कसं पटवणार? रुग्णाची बहीण म्हणते की आकडा चुकीचा आहे. त्यांना असे दहा फोन रोज येतात.”

“पटवायचं नाही. मी बाजूला होते. ब्लेसी तासाला एक फेरी करील, पाच नंबरला करते तशीच. आकडा आपोआप खाली येईल.”

“आणि आला नाही तर?”

“तर मग तुमचं यंत्र खरं.”

 ही बाई आकडा खाली आणायची युक्ती करतेय की खरं सांगतेय, हे सामंत तोलत होते, आणि ते तिला दिसत होतं. संशय दोन्हीकडून सारखाच होता.

“चार वाजेपर्यंत त्या खाटेला हात लावायचा नाही,” ते म्हणाले.

ती बाहेर विनयाशेजारी बाकावर जाऊन बसली. हातांना काम नव्हतं म्हणून ते मांडीखाली दाबून धरले. अतिदक्षतेच्या काचेतून चार नंबरचं पायथ्याकडचं टोक दिसे आणि वरचा पडदा दिसे. साडेबाराला ७१. एक वाजता ६७. दीडला ६४. विनयाला तिने आकड्याचा अर्थ सांगितला, तशी विनया हात जोडून पडद्याकडेच बघत बसली. अडीचला ६०. तीनला ५८.

“उतरता ताई, उतरता!” विनयाने तिचा दंड घट्ट धरला. “गाडी गावतली ना तेंका?”

“गावतली,” तृप्ती म्हणाली.

पण तिचं लक्ष पडद्यावर नव्हतं. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. पिशवीतली पातळी दीड वाजता जिथे होती तिथेच होती. आणि चादरीखालचं पोट. सकाळी हे एवढं होतं का? की माझ्याच मनाचे खेळ? हात दूर ठेवल्यावर डोळ्यांना भलतंसलतं दिसायला लागतं. तिने दहा मिनिटं स्वतःला दामटून बसवलं. पातळी हलली नाही.

ती उठून आत गेली तशी ब्लेसी बाजूला सरकली. बारा वर्षांत पहिल्यांदा तृप्तीने अंगठा न लावता माणसाला हात लावला. दत्ताचे गुडघे गार होते. त्यांवर निळसर जाळं उमटलं होतं. पोट बोटांनी दाबलं, तर ते दबलं नाही.

आता काय करायचं? पडदा ५८ म्हणत होता. चाळीस मिनिटांनी गाडी मिळणार होती. गप्प राहिलं तर दत्ता मोठ्या केंद्रात जाणार, यंत्र त्याला, पथक त्याला. पण घाट चढून जायला अडीच तास. आत पाणी साचून पोट असं ताठलं, की मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाच दाबला जातो, छाती फुलेनाशी होते. अडीच तास दत्ता टिकेल का? तिचा हात म्हणत होता, नाही. आणि याच हातावर विश्वास ठेवू नका असं ती स्वतः बारा वाजता सांगून आली होती.

सामंत पाच नंबरपाशी उभे होते.

“डॉक्टर, पोटातला दाब मोजा. आत्ता.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. “अठ्ठावन्न आहे. तासातासाला उतरतोय. तुम्ही म्हणालात तसंच झालंय की.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सिस्टर, दुपारी तुम्हीच सांगितलंत, या खाटेवर तुमचा हात धरायचा नाही. आता म्हणता हात खरा. मी कोणतं मानू?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. मग वडिलांनी केलं तेच तिने केलं.

“माझं काहीच मानू नका. ब्लेसीला बोलवा. काय शोधायचं ते तिला सांगू नका. मी पाठ करून उभी राहते.”

ब्लेसी आली. तृप्ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे चादर सरकल्याचा आवाज झाला, मग काहीच नाही, मग पुन्हा चादर.

“सर,” ब्लेसीचा आवाज चिरका झाला होता. “सर, हे पोट बघा तुम्ही. मला नाही बरं वाटत हे. लघवी पण नाही झालेली.”

तृप्ती वळली तेव्हा ब्लेसीचा अंगठा काचेकडे निघाला होता. फेरी झाली, अंगठा लावून काय आढळलं ते नोंदवायचं. तृप्तीनेच तिला शिकवलं होतं. ताठ पोट, लघवी शून्य, गार गुडघे, हे एकदा आत गेलं की कौल सत्तरच्या वर जाणार, हे सांगायला ऋजुता नको होती. तृप्तीने तिचं मनगट पकडलं.

“थांब. चार वाजू दे. पस्तीस मिनिटं फक्त.”

“सिस्टर, हात सोडा,” सामंत म्हणाले.

“तुम्ही दाब मोजा, उपाय करा, सगळं करा. फक्त आत घालू नका. गाडी जाईल हो त्याची!”

“गाडीत काय पाठवायचं आपण? अठ्ठावन्न आकड्याचा माणूस पाठवला आणि तिथे हा उतरला, तर ते त्याला अठ्ठावन्नसारखंच बघतील. घाटात पोट फुगत गेलं तर सोबतच्या डॉक्टरला कळणार कसं?”

काचेपलीकडे विनया उभी होती. तिला इथलं काही ऐकू येत नव्हतं. ती पडद्यावरच्या ५८ कडे बघून हसत होती. तृप्तीने ते हसू बघितलं आणि ब्लेसीचं मनगट सोडलं.

आकडा पाच मिनिटांत ६६ झाला, पुढच्या पाचात ७३.

सामंतांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दाब मोजायचं उपकरण दुरुस्तीला गेलेलं होतं, तेव्हा त्यांनी जुनी रीत केली. लघवीच्या नळीतून थोडं मीठपाणी मूत्राशयात सोडायचं, नळी सरळ उभी धरायची आणि पाण्याची रेघ किती उंचीवर थांबते ते बघायचं. पट्टी ब्लेसीने कार्यालयातून आणली. शाळेतली, तीस सेंटीमीटरची. पाणी पट्टीच्या वर गेलं, म्हणजे दाब धोक्याच्या पलीकडे होता.

चारला दहा मिनिटं कमी असताना सामंतांनी दत्ताच्या कुशीत सुई घालून नळी बसवली. अडीच लिटर गढूळ पाणी निघालं. बरोबर चारला समितीचा निरोप आला. चार नंबर नामंजूर. पाच नंबर, कौल सत्तेचाळीस, मंजूर.

पेडणेकरांची खाट विनयाच्या समोरून गेली. तिने ती जाताना पाहिली, मग तृप्तीकडे वळली.

“गाडी तू घालवलंस, ताई.”

तृप्ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.  पाच वाजून वीस मिनिटांनी पिशवीत लघवीचे पहिले थेंब आले तेव्हा ब्लेसी धावत बाहेर सांगायला आली. तृप्ती बाकावरच बसून होती, हात मांडीखाली. ती आत गेली नाही. खाटेपाशी सामंत खुर्ची टाकून बसले होते आणि त्या दिवशी ते घरी गेले नाहीत.

दत्ता वाचला. त्याला अडतीस दिवस लागले. पेडणेकरही वाचले, आणि पुढे कळलं की सामंतांना फोन सभापतींनी केलाच नव्हता. तो आरोग्य खात्याचा होता, दुरुस्तीला गेलेल्या त्याच दाबाच्या उपकरणाबद्दल. डिस्चार्जच्या दिवशी विनयाने तृप्तीच्या हातात सोलकढीची बरणी ठेवली. मग दत्ताला धरून ती बाहेर पडली.

तृप्तीने ऋजुताला फोन केला. “तुमचा कौल खोटा पडला की. त्र्याहत्तर म्हणाला होता.”

“खोटा कसा, मॅडम? शंभरात सत्तावीस वाचतात असंच तो म्हणाला होता. तुमचे भाऊ सत्ताविसातले.”

तृप्ती हसली. या यंत्राला खोटं पाडायची सोयच नव्हती. त्या बाबतीत देवाचा कौल बरा, निदान त्याच्यावर रुसता तरी येई.

पण गोष्ट तिथे संपली नाही. ब्लेसी कुणाशी तरी बोलली, ते कुणी गावात नेलं, आणि तिखटमीठ लावून परत आलं. गुरव सिस्टर एकदा आली तर ठीक, दुसऱ्यांदा आली तर घरच्यांना बोलावून घ्या. ती खाटेजवळ गेली की नातेवाईक तिच्या हाताकडे बघू लागले. एक दिवस दोन नंबरच्या खाटेवरच्या मेस्त्रीण आजीने, तृप्ती नुसती चादर सारखी करायला वळली, तशी चादर छातीशी ओढून घेतली.

“बाय, तू परत कित्याक इलंस? माका काय होतला?”

“काय नाय, आजी. चादर सरळ करूक इलंय.”

आजीच्या मुलाचं तोंड मात्र पांढरं पडलं होतं. तो लगेच फोन काढून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवसापासून तृप्तीने नवी रीत धरली. आठही खाटांकडे तासात चार वेळा जायचं. बरा होत आलेला असो की अत्यवस्थ, सारखंच. प्रत्येक वेळी अंगठा. पाय सुजायचे, ब्लेसी म्हणायची हे काय चाललंय सिस्टर, तरी तिने सोडलं नाही. कौल महिन्या-महिन्याला नव्या नोंदींवरून स्वतःला सुधारून घेत असे. चौथ्या महिन्यात ऋजुताचा फोन आला.

“मॅडम, सतरा नंबरच्या अंगठ्यात आता काहीच सापडत नाहीये. वजन शून्यावर आलं.” मग तिने विचारलं, “तुम्ही मुद्दाम करताय का हे? आमचा सगळ्यात चांगला इशारा होता तो.”

“मी फेऱ्या करते. माझी नोकरी आहे ती.”

तिला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली. आपल्याला कुणाचं तरी काही खटकलं, तर ते आता यंत्राला कळणार नव्हतं. तिने ते सामंतांना सांगितलं. तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली. सकाळी आले की आधी पडद्यांकडे पाठ करून उभे राहायचे. तिला आता ते नावाने हाक मारत.

“तृप्तीताई, आज आधी कुणाकडे बघू?”

एका सकाळी दोन नंबरच्या खाटेवर मेस्त्रीण आजी पुन्हा दाखल झालेली होती. ती जागी होती आणि तृप्ती दिसताच तिने चादर छातीशी ओढली होती. तृप्तीने अंगठा मुठीत मिटला आणि मानेनेच दोन नंबरकडे खूण केली.

आजीने ते पाहिलं.  मग ओढून घेतलेली चादर तिने सैल सोडली आणि कडेला सरकून खाटेवर जरा जागा केली.

“खुणा कित्याक करतंस, बाय? ये. बस हंय.”

तृप्ती बसली. आजीचा हात हातात घेतला. तो गार होता. सामंत तपासत असताना आणि त्यानंतरही बराच वेळ ती तिथेच होती. काचेवर अंगठा तिने लावला नाही; ही फेरी नव्हती.